नवऱ्याचं काम

२३ मार्च

कादिरदादा आज माझ्याशी नीट बोलले. नीट म्हणजे तोंडाकडे बघून. बुरुलशी माझं लग्न झाल्यापासून तिचे हे थोरले भाऊ माझ्याशी बोलताना माझ्या खांद्यावरून पलीकडे बघतात, जणू माझ्यामागे कुणी जास्त कामाचा माणूस उभा आहे.

परवा सणाच्या दिवशी जे झालं ते लिहायला मन होत नव्हतं. आज लिहितो. जेवणं झाल्यावर दादांनी मला तबेल्यामागे नेलं. म्हणाले, "इशेन, आमच्या बहिणीला मोकळी कर. शहरात ट्रॉलीबस चालवायचास तोवर ठीक होतं. आता ट्रॉलीबस गेल्या, वरच्या तारासुद्धा काढल्या आणि तू इथं येऊन बसलास. घरजावई! पोर नाही, बाळ नाही. कचेरीत लग्नाची नोंद नाही, निका झालाय नुसता. तीनदा तलाक म्हण आणि तालासला तुझ्या बहिणीकडे जा. कुणी तुला नावं ठेवणार नाही."

मी म्हणालो, "दादा, जिवंत आहे तोवर तो शब्द माझ्या तोंडून निघायचा नाही."



बुरुलला सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"नाही म्हणालो."

ती उठून गाईचं दूध काढायला गेली. दुधाची वेळ झाली नव्हती.

आणि आज बघा. दादा स्वतः माझ्याजवळ येऊन बसले, स्वतःच्या हातानं चहा ओतला. म्हणाले, "झालं गेलं सोड. घोड्यांचा धंदा काढतोय. पाहुण्यांना लाल कड्यांमधून फिरवायचं. तूही हवास." ठाम राहिलो म्हणून मान मिळाला. पुरुषानं एकदा तरी ठाम राहावं.

३ एप्रिल

घोड्यावर बसायला शिकतोय. लिहायला लाज वाटते, किर्गिझ माणूस, वय अडतीस. पण मी शहरात चौथ्या मजल्यावर वाढलो. आमच्याकडे उतरायला जिना होता, खोगीर नव्हतं.

मला एका डोळ्यानं आंधळा असलेला म्हातारा घोडा दिलाय. धाकटा मेहुणा मेलिस कुंपणावर बसून फोनवर माझं चित्रण करत होता. "दाजी, ब्रेक डाव्या पायाखाली नाही बरं का! दाजी, वर तारेला दांडा लावलाय का बघा, गाडी का चालत नाही?" शेजारचे लोक गोळा झाले. सासूबाईसुद्धा रुमालाआड हसल्या. मीही हसलो. परक्याची कुणी एवढी मस्करी करत नाही.

दुपारी पडलो. घोडा थांबून माझी वाट बघत राहिला. चांगलं जनावर आहे.

१९ एप्रिल

एर्मेक आला होता. काराकोलमध्ये त्याचं हॉटेल आहे, तिथले पाहुणे तो आमच्याकडे फेरीला पाठवणार. सगळा धंदा त्याच्यावर. बुरुलच्या वर्गात होता म्हणे शाळेत. उंच, दाढी कोरलेली, बोलणं मधासारखं. सासूबाईंना कोट आणला, मेलिसला चष्मा, बुरुलला घोड्यावर बसायचे बूट. बूट बरोब्बर मापाचे निघाले. माणसाची नजर चांगली आहे. मला म्हणाला, "तुमच्याबद्दल खूप ऐकलंय, इशेनभाऊ."

बुरुलनं बूट घालून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. तिला मी एवढं ताठ चालताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. बरं वाटलं.

४ मे

बुरुल सकाळी म्हणाली, "फेरीला तुम्ही येऊ नका."

"का?"

"तालासला जाऊन या. बहीण एकटी असते. मी दादाला सांगते."

म्हटलं, "पहिली फेरी आणि मी नको? एर्मेक काय म्हणेल? आणि आता मला बसता येतं. कालच ओढा पार केला."

"अहो, मी सांगते म्हणून जा ना." डोळ्यांत पाणी होतं.

मी तिचा हात धरला. म्हटलं, "पडणार नाही मी. काळजी करू नकोस."

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुम्हाला काही म्हणजे काही कळत नाही हो." आणि हात सोडवून घेतला. इतकी काळजी करते माझी! दिवसभर मनातून ते गेलं नाही.

१७ मे, पहिला मुक्काम

निघालो एकदाचे. पुढे कादिरदादा. एकेकाळी घोड्यावरून मेलेला बोकड पळवून गोलात टाकायच्या बोकड-ओढीच्या खेळात अख्ख्या जिल्ह्यात नाव होतं त्यांचं, नाक तेव्हाच मोडलंय. मागे एर्मेक, त्याच्या शेजारी बुरुल, मग तीन पोलिश पाहुणे, मग मेलिस. सगळ्यांत शेवटी मी, ओझ्याचे दोन घोडे घेऊन. धूळ सगळी मला. पण शेवटच्या माणसावर सगळ्यांची जबाबदारी असते, दादा म्हणाले तसं.

गावाखालचं तळं मागे पडलं आणि कडे सुरू झाले. खाली विटकरी, वर हळदीसारखा पिवळा, त्याच्यावर राखेचा, मधूनच जांभळा पट्टा. पाहुणे ओरडायलाच लागले. आम्हाला काय, माती. पावसात घसरते, उन्हात फुटते, गवताची काडी उगवत नाही. मेंढपाळ या वाटेला शिव्या देत जातात. पण पाहुण्यांचे चेहरे बघून मलाही ते कडे नव्यानं दिसले.

पाहुण्यांपैकी एकीला रशियन येतं. बोझेना. सत्तरीच्या पुढची, जनावरांची डॉक्टर होती. दुपारी मुद्दाम मागे राहून माझ्या शेजारून चालली. माझ्या घोड्याकडे बघून म्हणाली, "याला तर दिसत नाही."

"एका डोळ्यानं दिसतं."

"मग दरीकडची बाजू आंधळी का ठेवलीत? तुम्हाला आतल्या बाजूनं चालवायला हवं ना त्यांनी."

मी म्हटलं, वाट त्याला पाठ आहे. 

मुक्कामावर पोचता पोचता मेलिसनं माझ्या खोगिराचा पट्टा गुपचूप सैल केला होता. उतरताना खोगिरासकट मी घोड्याच्या पोटाखाली. एर्मेक खूप हसला. हसताना त्यानं बुरुलच्या खांद्याला धरलं, तोल जात होता त्याचा.

१८ मे

लिहिताना दुखतं आहे, थोडक्यात लिहितो.

कड्यांमध्ये एक सपाट जागा आहे, तिथं दादांनी पाहुण्यांना घोड्यावरची कुस्ती दाखवली. आधी दादा आणि मेलिस. मग दादा ओरडले, "आता जावईबापू!" मी नको म्हणत होतो. एर्मेक म्हणाला, "जाऊ दे, बिचारा घाबरतोय." बुरुल तिथंच होती. मग मी गेलो.

मेलिसनं माझा कंबरपट्टा धरला आणि एका झटक्यात खाली. उठायच्या आत दादा भरधाव आले, वाकून मला कॉलरनं उचललं आणि बोकड नेतात तसं मांडीखाली दाबून मैदानभर फिरवलं. मेलिस दुसरीकडून पाय ओढत होता. पाहुण्यांना वाटलं हा खेळाचाच भाग. शेवटी दगडांचा एक गोल आखला होता त्यात मला टाकलं. "गोल!" मेलिस ओरडला.

बरगडीत काहीतरी कट्‌ झालं.

बोझेनाबाईंनी चादर फाडून छाती बांधली. गाठ रागानं आवळली. "तुम्ही हे का सहन करता?"

मी म्हणालो, "घरातलेच आहेत. खेळ आहे."

"खेळात तुमच्याशिवाय कुणी पडलं का?"

म्हाताऱ्या माणसांना लवकर राग येतो. खरं सांगायचं तर मलाही आज थोडं वाईट वाटलं. दादा उचलताना काहीतरी पुटपुटले ते मी ऐकलं. "आता तरी कळेल." काय कळेल? कसं पडावं ते, असेल.

१९ मे

आजचा दिवस मी विसरणार नाही. आज मी सगळ्यांना हसवलं आणि यावेळी पडून नाही.

वारा फार होता म्हणून दुपारीच थांबलो, जांभळ्या पट्ट्याच्या कड्याखाली. उन्हं उतरायला लागल्यावर चहा झाला आणि कादिरदादा उभे राहिले. "पाहुण्यांना आपल्या चालीरीती दाखवू. लग्न दाखवू, भांडण दाखवू, काडीमोड दाखवू!" मेलिसनं डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि तो मुल्ला झाला. "आणि नवऱ्याचं काम," दादा म्हणाले, "इशेन करणार. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

बायको म्हणून बुरुलला बसवली. ती उठत होती, दादांनी खांदा दाबून बसवली.

मला कुठून सुचत गेलं कुणास ठाऊक! बरगडी दुखत होती तरी उभा राहिलो. म्हटलं, "मुल्लाजी, या बाईचं काय सांगू! सूपात मीठ नाही, चहात साखर नाही, आणि मी स्टॉपवर हॉर्न वाजवतोय तर ही आरशासमोर!" एर्मेक पाहुण्यांना समजावून सांगत होता, ते पोट धरून हसत होते. मी ट्रॉलीबसचा आवाज काढला, दार उघडल्याचा फुस्स आवाज काढला. मेलिससुद्धा हसला, आणि त्याचं ते हसणं वेगळं होतं, खरं होतं. शहरात लहानपणी मी असाच नकला करायचो.

मग दादा म्हणाले, "नवरा चिडला. आता तलाक दे तिला."

मी थबकलो. "दादा, तो शब्द नको."

"अरे, नाटक आहे. पाहुणे बघतायत. एवढं रंगवलंस आणि आता माती करतोस?"

"दाजी, स्टॉप आला," मेलिस म्हणाला, "दार उघडा!" परत सगळे हसले. सगळे माझ्याकडेच बघत होते. सात वर्षांत या घरच्यांनी माझ्या तोंडून पुढे काय निघतं याची कधी वाट पाहिली नव्हती.

म्हणालो. टाळ्या. दुसऱ्यांदा म्हणालो.

तेवढ्यात बुरुल ताडकन उभी राहिली. "पुरे! बास झालं आता!" तिचा आवाज असा चिरकला की पाहुणे गप्प झाले. दादा म्हणाले, "खाली बस." ती बसली नाही. माझ्याकडे बघून नुसती मान हलवत राहिली, नाही, नाही, नाही. काय काम केलं तिनं! माझ्या अंगावर काटा आला. मला कल्पनाच नव्हती की हिच्यात हे आहे. म्हणून मग मीही कमी पडायचं नाही ठरवलं, आणि तिसऱ्यांदा पूर्ण आवाजात म्हणालो. कड्यांवर आपटून शब्द परत आला.

दादांनी मला मिठी मारली. सात वर्षांत पहिल्यांदा. मग एर्मेकला विचारलं, "ऐकलंस ना? स्पष्ट?" "स्पष्ट." मेलिसलाही विचारलं. "तिन्ही वेळा, दादा. फोनमध्ये पण आहे." एर्मेकनं माझ्या पेल्यात व्होडका ओतली आणि म्हणाला, "तुमचे फार उपकार झाले, इशेनभाऊ." पाहुणे खूश झाले की त्याचं हॉटेल चालतं, म्हणून म्हणाला असेल.

बोझेनाबाईंनी विचारलं तो शब्द कसला. सांगितला. त्या हसल्या नाहीत. "आणि ती खरंच तुमची बायको आहे?"

"हो!" मी अभिमानानं म्हणालो.

बुरुल आज त्यांच्याच तंबूत झोपली आहे. बाईंना एकटं वाटत असेल.

२० मे

सकाळी सगळे पुढे गेले. ओझ्याच्या घोड्यांच्या पाठी सोलल्यात म्हणून सामान इथंच ठेवलंय, एर्मेकची जीप येऊन नेणार. सामानापाशी विश्वासाचा माणूस हवा, म्हणून मी. माझा घोडाही नेला, मला जीपमधून जायचंय ना.

बोझेनाबाईंनी त्यांची पाण्याची बाटली माझ्या हातात कोंबली. बुरुल घोड्यावरून वळून बघत होती. एर्मेकनं तिच्या घोड्याचा लगाम धरून वळवला. वाट अरुंद आहे तिथं.

संध्याकाळपर्यंत जीप आली नाही. चाक निघालं असेल.

२१ मे

आली नाही. पाणी संपत आलं. सावली कड्याबरोबर सरकते, तिच्याबरोबर मी सरकतो. ओझ्यात बोरसोकं आहेत, तळलेल्या पिठाचे तुकडे, पण कोरड्या तोंडात गिळत नाहीत. सामान सोडून जावं का? दादांनी विश्वासानं ठेवलंय.

एकदा असं मनात आलं की जीप येणारच नाहीये. मनात काय, काहीही येतं.

२२ मे

दुपारी आभाळ फुटलं. आधी वाटलं देवानं पाणी पाठवलं, तोंड वर करून प्यायलो. मग वरून नाल्यातून लाल चिखल आला, दगडांसकट. सामान सगळं नाल्याकाठी. एकेक गाठोडं उचलून वर नेलं, माती साबणासारखी, एक पाऊल वर तर दोन खाली. बरगडी आत टोचत होती. तोंडातून रक्त आलं थोडं. ओझ्याची दोन खोगिरं, भांडी, एर्मेकचा निळा तंबू वाचवला. पाहुण्यांचा मोठा तंबू गेला. ओरडत होतो मी, कुणाला ते माहीत नाही.

आता अंगभर लाल माती वाळली आहे. बोटं वाकवली की तडकते.

२४ मे, घरी

काल पहाटे चालायला लागलो. वाळलेल्या चिखलात गुडघ्यापर्यंत पाय जात होते. रस्त्याला लागलो तेव्हा कोळशाच्या ट्रकवाल्यानं उचललं. त्यानं विचारलं, "कुठल्या खड्ड्यातून आलास?" म्हटलं, पाहुण्यांना फिरवायला गेलो होतो.

अंगणात कादिरदादा घोड्याला नाल ठोकत होते. मान वर केली. पहिला प्रश्न, "तंबू कुठंय?"

मी सांगितलं. निळा वाचला, मोठा गेला. म्हणाले, "मोठाच घालवलास."

मी घरात जायला लागलो. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "तुला आत येता येणार नाही, बाळा. ती आता तुला परकी."

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, "आई, ते नाटक होतं."

मग मुल्लांना बोलावलं. खरे मुल्ला, पांढऱ्या दाढीचे, गरीब स्वभावाचे. त्यांनी मेलिसच्या फोनवर माझं नाटक पाहिलं, दोनदा. ट्रॉलीबसच्या आवाजाला त्यांनाही किंचित हसू आलं. मग म्हणाले, "मुला, हा शब्द असा आहे की मस्करीत म्हटला तरी खराच धरतात. साक्षीदार आहेत. तिन्ही वेळा तू म्हणालास."

"पण मनात नव्हतं माझ्या!"

"मनातलं तू जाण आणि देव जाणे. मी ऐकलं ते सांगतो."

मी विचारलं, परत फिरायचा काही रस्ता? ते म्हणाले, तीन महिन्यांची मुदत संपल्यावर तिनं दुसऱ्याशी लग्न केलं आणि पुढे त्यानंही सोडलं, तरच.

म्हणजे रस्ता अगदीच बंद नाही.

बुरुल खिडकीत होती. मी हाक मारली. ती बाहेर आली, ओठ फुटलेले होते, गालावर वळ होता. मी विचारलं काय झालं. "घोड्यावरून पडले," म्हणाली. मग म्हणाली, "मी पुरे म्हणाले होते, इशेन." मला तिनं कधीच नावानं हाक मारली नव्हती. नवऱ्याचं नाव घेत नाही ती.

दादा आतून ओरडले आणि ती गेली.

२ जून

तबेल्याशेजारच्या खोलीत राहतो. तालासला बहिणीला काय सांगू? दादा म्हणाले, "जाणार कुठं? घोड्यांना माणूस लागतोच. राहा." तेवढं मन मोठं आहे त्यांचं.

इथून अंगण दिसतं. ती सकाळी पाणी भरायला येते. आता माझ्यासमोरही डोक्यावरून रुमाल ओढून घेते.

बरगडी वाकडी जुळली आहे.

११ जुलै

दर आठवड्याला फेरी. पाहुण्यांमध्ये माझं नाटक फार चालतं. मेलिसनं ते फोनवरून सगळीकडे पाठवलं होतं, लोक येतानाच विचारतात, "तो ट्रॉलीबसवाला कोण?" बायकोच्या जागी स्वयंपाकाला ठेवलेली जाडी बाई बसते, तिला हसू आवरत नाही. मी तो शब्द म्हणतो. आता त्याला काय अर्थ? ती बाई माझी कुणी नाही. तरी प्रत्येक वेळी तिसऱ्यांदा म्हणायच्या आधी पाण्याचा घोट घ्यावा लागतो. बोझेनाबाईंची ती बाटली मी जवळ ठेवतो.

३० ऑगस्ट

बुरुलचं लग्न झालं, एर्मेकशी. मुदत संपून पंधरा दिवसही झाले नाहीत. मेंढ्या कापणं, कढई ढवळणं माझ्याकडे होतं. पाहुण्यांपैकी एकानं मला ओळखलं आणि सगळ्यांसमोर ट्रॉलीबसचा आवाज काढायला लावला. काढला. नवरीनं मान खाली घातली होती, सगळ्याच नवऱ्या घालतात.

मुल्लांचं बोलणं मी धरून आहे. दुसरं लग्न व्हायचं होतं ते झालं. एक पायरी तरी झाली. असा विचार करणं पाप असेल तर असो.

१३ सप्टेंबर, जांभळ्या पट्ट्याखाली

एर्मेक शहरातले मित्र घेऊन फेरीला आलाय. बुरुलही. ती घोड्यावर एकदम गप्प होती. दुपारी तिचा घोडा बिचकला तर एर्मेकनं सगळ्यांदेखत त्याला चाबूक मारला, आणि चाबकाचं टोक तिच्या हातावर बसलं. त्यानं बघितलं, पण "लागलं का" विचारलं नाही. घाईत असेल.

चहानंतर कादिरदादांनी नेहमीसारखी हाक दिली. "नवरा तयार आहे का?" मी उठलो. जाडी बाई बसायला आली, तर एर्मेकचा एक मित्र ओरडला, "ही कशाला? खरी बायको इथंच आहे की! खरीच बसवा!" सगळ्यांनी उचलून धरलं. मला वाटलं एर्मेक चिडेल. तो हसला. "बसवा की. आपलं काय जातंय?"

बुरुल म्हणाली, "मी बसणार नाही."

एर्मेक हसता हसताच म्हणाला, "माझ्या मित्रांसमोर तमाशा करू नकोस. बस."

ती येऊन माझ्यासमोर बसली. मी सुरू केलं. मीठ, साखर, आरसा. सगळं पाठ आहे, तोंड आपोआप चालतं. दाराचा फुस्स आवाज काढला, टाळ्या पडल्या. मेलिस टॉवेल सावरत म्हणाला, "मग काय ठरलं, दाजी? स्टॉप आला!"

आणि मला तो शब्द म्हणता येईना. तोंड उघडलं, मिटलं. सगळे वाट बघत होते. कुणीतरी म्हणालं, "विसरला!" बुरुलनं वर पाहिलं. हातावरचा वळ तिनं दुसऱ्या हातानं झाकला होता. हळूच म्हणाली, "म्हण ना, इशेन. म्हणून टाक. संपू दे."

मी म्हणालो, "नाही म्हणत. ऊठ. चल, आपण घरी जाऊ."

 आणि मग असं हसू फुटलं! एक जण मागच्या मागे चटईवर आडवा झाला. एर्मेक टाळ्या पिटत होता, डोळ्यांतून पाणी. "घरी! घरी जाऊ म्हणतो! कुठल्या घरी, तबेल्यात?" मेलिसला टॉवेल सावरेना. मी तसाच हात पुढे करून उभा होतो. बुरुलचा हात अर्धा वर आला होता, मी पाहिलं, मी शपथेवर सांगतो मी पाहिलं. मग एर्मेकनं तिला दंडाला धरून उठवलं आणि आपल्या शेजारी बसवलं.

कादिरदादा डोळे पुसत माझ्याजवळ आले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नाही. पाठीवर थाप मारली, वाकड्या जुळलेल्या बरगडीवरच. "याच्यापुढे आधीचं काहीच नाही रे! हे वाक्य कायम ठेव. रोज असंच म्हणायचं, हात पुढे करून."

बुधवारी नवा गट येतोय, जर्मन आहेत. झोपायला जाताना दादांनी परत विचारलं, "वाक्य लक्षात आहे ना?"

म्हटलं, आहे.